पुण्याभोवतीच्या मुरमाड वाटा: ग्रॅव्हल सायकलसाठी मार्ग, माती आणि हंगाम

आपण पुण्यात राहता, काही वर्षे डांबरी रस्त्यावर सायकल चालवली आहे आणि आता ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरची ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणारी सायकल, घेतली आहे. शहराबाहेरच्या कच्च्या वाटांवर कुठे, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या तयारीने जावे, हा आपला प्रश्न आहे. सोबत मुळशी, पानशेत आणि पवना या बाजूचे काही मार्ग नकाशावर आखून त्यांपैकी कोणता आधी करावा, असेही आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की हे सर्व मार्ग सध्या बाजूला ठेवावेत आणि पहिला हंगाम पूर्णपणे पूर्वेला व आग्नेयेला, म्हणजे हवेली, पुरंदर, दौंड आणि बारामती या तालुक्यांत घालवावा. पश्चिमेचे डोंगर देखणे आहेत यात शंका नाही, परंतु ग्रॅव्हल सायकल ज्या जमिनीसाठी घडवली जाते ती जमीन पुणेकरांना सासवडच्या वाटेवरील दिवे घाटाच्या पलीकडे मिळते.

याचे कारण पाऊस आणि माती या दोन गोष्टींत आहे. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्यात सुमारे ७००, आणि दौंड-बारामतीकडे तो ५०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी होतो. हा सगळा फरक सरळ रेषेत १५० किलोमीटरच्या आत घडतो. खाली खडक सर्वत्र एकच, दख्खनचा काळा बेसॉल्ट; पण तो झिजून जे तयार होते ते जागेप्रमाणे बदलते. उतारावर आणि माळावर बारीक माती वाहून जाते व मागे मुरूम उरतो, जो पाणी झटकन खाली सोडतो आणि वाळला की चाकाखाली घट्ट बसतो. वाहून गेलेली बारीक माती ओढ्याकाठी व नदीखोऱ्यात साचते आणि तिथे काळी जमीन तयार होते. या काळ्या मातीतील चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडतो. पश्चिमेकडे पाऊस इतका असतो की मुरमाची वाटसुद्धा धुपून तिचे दगड उघडे पडतात, आणि तिथल्या अनेक वाटा शेवटी सायकल खांद्यावर घेण्याच्या वाटा ठरतात. पूर्वेकडे मात्र लांबच लांब, हलक्या चढ-उताराचे मुरमाचे पट्टे आहेत आणि वर्षातील बहुतेक दिवस ते कोरडे असतात.

म्हणून मार्ग आखताना अंतर आणि चढ यांच्याआधी जमीन पाहावी, आणि ती पाहण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे पीक. जिथे दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे तिथे जमीन खोल आहे, पाणी भरपूर आहे आणि मधली वाट काळ्या मातीची असण्याचा संभव मोठा आहे. ती जानेवारीत फुफाट्याची आणि ऑगस्टमध्ये चिखलाची असेल. जिथे बाजरी, मटकी, हुलगा अशी पिके दिसतात तिथे जमीन हलकी, मुरमाड असते आणि वाट बहुधा चांगली निघते. रब्बीची ज्वारी मध्यम ते भारी जमिनीची खूण आहे. पुरंदरमध्ये अंजीर आणि सीताफळाच्या बागा लागल्या की पाण्याचा निचरा होणारी जमीन आली असे समजावे. उपग्रहाच्या छायाचित्रातही हेच दिसते: गडद तपकिरी पट्टे काळ्या जमिनीचे, फिकट तांबूस किंवा राखाडी पट्टे मुरमाचे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. गेली काही वर्षे शेतकरी तलावांतील गाळ काढून हलक्या जमिनीवर पसरतात, आणि गाळाच्या ट्रॉली ज्या वाटेने गेल्या त्या वाटेवर तो सांडून दाबला जातो. अशी मुरमाची वाट पहिल्या पावसानंतर अनपेक्षितपणे निसरडी होते.

पावसानंतर किती दिवसांनी जावे, याला कॅलेंडरचे उत्तर नाही, शेतकऱ्याचे आहे. जमिनीला वाफसा आला, म्हणजे मशागतीजोगा ओलावा उरला, की औत चालते, आणि ज्या दिवशी त्या शिवारात कोळपणी किंवा पेरणी सुरू झालेली दिसेल त्या दिवशी तिथली काळी वाटसुद्धा सायकल सोसते. शेतात औत नसेल, बांधावर माणसे थांबलेली असतील, तर पुढे जाऊ नये. मुरमाच्या माळावर एका दिवसाच्या उघडिपीने काम भागते. काळ्या जमिनीला चार-पाच दिवस कडक ऊन लागते. हा नियम मी जून ते सप्टेंबर या काळासाठी सर्वांत विश्वासार्ह मानतो आणि हवामानाच्या कोणत्याही अंदाजापेक्षा त्यावर अधिक विसंबतो.

आता वाटांचे प्रकार, कारण नकाशावरची बारीक तुटक रेघ यांतील कोणतीही असू शकते. शिवरस्ता दोन गावांच्या हद्दीवरून जातो. पाणंद शेतांकडे जाते, आणि ती पुढे निघतेच असे नाही. अनेक पाणंदी एखाद्या विहिरीपाशी किंवा गोठ्यापाशी संपतात. महसूल विभागाच्या गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेले असतात. हे नकाशे आता महाभूनकाशा या संकेतस्थळावर पाहता येत असल्याने, एखादी वाट सार्वजनिक आहे की खासगी शेतातून गेली आहे, हे घरबसल्या ताडून घेता येते. नुसत्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर विसंबू नये. तिथे ग्रामीण वाटा पुष्कळ आहेत, पण त्यांच्या पृष्ठभागाची नोंद क्वचितच भरलेली असते. शहरालगतच्या गावांत आणखी एक अडचण आहे: प्लॉटिंग झाले की जुनी पाणंद तारेच्या कुंपणाआड जाते. तिथे वाद न घालता मागे फिरावे.

२०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून अनेक पाणंदींवर मुरूम आणि खडी पडली आहे, आणि पुढे त्यांतील काहींचे डांबरीकरणही होईल. आपल्यासारख्यांना एखादी आवडती वाट अशी गेल्याचे वाईट वाटते. पण चिखलातून ऊस, दूध किंवा आजारी माणूस बाहेर काढणाऱ्याला पक्का रस्ता हवा असतो आणि त्याची गरज आपल्या रविवारच्या फेरीहून कितीतरी मोठी आहे. व्यवहाराच्या दृष्टीने एवढेच जाणून घ्यावे की खडी अंथरलेला पण अजून मुरमाने दबाई न झालेला रस्ता हा सर्वांत वाईट पृष्ठभाग आहे. ताज्या फोडलेल्या खडीच्या धारा टायरची बाजू कापतात, आणि कापलेल्या बाजूला टायरमधले पंक्चर बुजवणारे कोणतेही द्रावण बुजवू शकत नाही. असा पट्टा लांब दिसला तर उतरून चालावे.

गावात विचारताना प्रश्न नीट असावा. “रस्ता चांगला आहे का?” याचे उत्तर आपुलकीने नेहमी “हो” असेच मिळते. त्याऐवजी “दादा, ही वाट पुढे निघते का? दुधाची मोटारसायकल जाते का?” असे विचारावे. रोज सकाळी कॅन लावलेली मोटारसायकल ज्या वाटेने जाते ती वाट आपली सायकल निर्धास्त जाईल अशी असते. “फक्त ट्रॅक्टर जातो” असे उत्तर आले तर खोल चाकोऱ्यांची तयारी ठेवावी, आणि “बैल जातात” असे आले तर ओढा ओलांडावा लागणार हे धरून चालावे. बांधावरच्या मावशींना विचारणे अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण त्या वाटेने त्या रोज पायी जातात आणि पाणी कुठे साचते हे त्यांना नेमके ठाऊक असते.

प्रत्यक्ष मार्गांपैकी पहिला मी कालव्याचा सुचवतो. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा सुमारे २०० किलोमीटर वाहत इंदापूरपर्यंत जातो आणि शहर सोडल्यावर फुरसुंगी, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत अशा गावांच्या शिवारातून जातो. पाणी उताराने वाहायचे असल्याने कालव्याचा सेवापथ, म्हणजे काठाने जाणारी देखभालीची वाट, जवळजवळ सपाट असतो, वळणे लांब व सौम्य असतात, आणि दिशा चुकण्याचा प्रश्न येत नाही. लोणी काळभोरहून रामदऱ्याकडे जाताना कालवा लागतो. तिथून पूर्वेला उरुळी कांचनपर्यंत जाऊन सोलापूर रस्त्याच्या बाजूने परतणे ही पहिली फेरी म्हणून पुरेशी आहे. जमत गेले की यवत, मग वरवंडपर्यंत लांबवावी. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव याच कालव्याच्या पाण्यावर भरतो आणि हिवाळ्यात तिथे पाणपक्षी चांगले दिसतात. पुणे–दौंड लोहमार्ग कालव्यापासून फार दूर जात नाही, त्यामुळे लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस अशा स्थानकांचा आधार राहतो. गाडीत सायकल घेण्याविषयी मात्र निघण्याआधी स्थानकावर चौकशी करावी.

कालव्याच्या वाटेचे धोके वेगळे आहेत आणि ते गंभीरपणे घ्यावेत. सेवापथ जलसंपदा विभागाचा आहे. तिथे आपण पाहुणे आहोत, आणि पाटकऱ्याने (कालव्याचे पाणी सोडणाऱ्याने) किंवा कर्मचाऱ्याने थांबवले तर परत फिरणे एवढेच योग्य. आवर्तन चालू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेले असताना, ते वेगाने वाहते, अस्तर केलेली बाजू तिरपी व शेवाळलेली असते, आणि आत पडलेल्या माणसाला आधाराशिवाय वर चढता येत नाही. म्हणून काठापासून दूरच्या चाकोरीतून चालवावे आणि पाण्याच्या बाजूला कधीही दोघांनी जोडीने जाऊ नये. भराव बाहेरून भक्कम दिसला तरी बिळांनी आणि पाझराने आतून पोकळ होतो. २०१८ च्या सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरले होते, हे पुणेकरांना आठवत असेल. जिथे भराव खचलेला किंवा ओलसर दिसेल तिथे सायकल हातात धरून पलीकडच्या बाजूने पुढे जावे. चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाच्या, मोऱ्यांवर कठडा नसतो, आणि फुफाट्यात त्यांची कडा दिसत नाही.

दुसरा मार्ग, आणि मला विचाराल तर या भागातला सर्वोत्तम, पुरंदरच्या पठारावरचा आहे. सासवड पुण्याहून सुमारे २०० मीटर उंचावर आहे. दिवे घाट किंवा बोपदेव घाट चढून तिथे पोहोचल्यावर हवाच बदलते. ज्यांना डांबरी घाटात शक्ती खर्च करायची नसेल त्यांनी सासवडपर्यंत वाहनाने जाण्यात काहीच कमीपणा नाही. सासवडहून सोनोरीकडे जावे. समोर मल्हारगड दिसतो. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी तो अठराव्या शतकाच्या मध्यात बांधला आणि तो महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधल्या गेलेल्या किल्ल्यांपैकी एक आहे. गडाच्या पायथ्यालगतच्या वाटा माळावरून जातात, मुरूम घट्ट आहे आणि चढ असे आहेत की खालच्या गिअरवर बसूनच चढता येतात. गडावर सायकल नेऊ नये; पायथ्याला ठेवून चालत जावे.

सोनोरीहून परत न फिरता पूर्वेला वाघापूर, राजेवाडी, आंबळे या बाजूने माळशिरसकडे आणि तिथून भुलेश्वराच्या डोंगरावर जाता येते. या टापूत डांबरी रस्ता कधीच फार दूर नसतो, त्यामुळे एखादी पाणंद अडली तरी दिवस वाया जात नाही. भुलेश्वराचे मंदिर यादवकालीन आहे आणि आतील शिल्पे मूर्तिभंजनानंतरही थक्क करणारी आहेत. तिथे अर्धा तास नक्की द्यावा आणि सायकलचे बूट काढून ठेवायला लाजू नये. डोंगरावरून यवतकडे उतरणारा रस्ता डांबरी आणि उताराचा आहे. हडपसरहून निघून सासवड, भुलेश्वर, यवत करत परत हडपसरला आले तर अंतर १०० किलोमीटरच्या आसपास भरते, आणि कच्च्या वाटेचे किलोमीटर डांबरी किलोमीटरच्या दीडपट मोजावेत, असा माझा हिशेब आहे. पहिल्यांदा सासवड ते यवत एवढाच भाग करावा. उन्हाळा सरल्यावर, ज्येष्ठ वद्यात, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून सासवडला आणि तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड या वाटेने जाते. त्या दिवसांत हे रस्ते वारकऱ्यांचे असतात, आपण तिथे सायकल घेऊन जाऊ नये.

तिसरा भाग जेजुरीच्या पुढचा. कऱ्हा नदी गराड्याच्या बाजूने निघून सासवड, जेजुरीजवळचे नाझरे धरण आणि मोरगाव असा प्रवास करते. जेजुरी ते मोरगाव हे अंतर डांबरी रस्त्याने १७-१८ किलोमीटर आहे, आणि दोन्ही बाजूंच्या माळावर वाड्यावस्त्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा आहेत. मोरगावहून सुप्याकडे गेले की खरा गवताळ प्रदेश सुरू होतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे, १९९७ मध्ये घोषित झाले, आणि तिथे चिंकारा आहेत. अभयारण्यात प्रवेश वनविभागाच्या परवानगीने व त्यांनी ठरवलेल्या वाटेनेच घ्यायचा असतो. सायकलवरून वाट सोडून गवतात शिरणे हा कायद्याने गुन्हा आहे.

या माळाविषयी मला थोडे अधिक सांगावेसे वाटते. नकाशात तो रिकामा दिसतो आणि शहरातून येणाऱ्याला वाटते की इथे कुठूनही सायकल घालावी. प्रत्यक्षात लांडगा, खोकड, तरस आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांचे ते घर आहे, आणि टिटवी व धाविक तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. एप्रिल-मे महिन्यांत माळावरून गेलेले एक चाक संपूर्ण घरटे चिरडू शकते, आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही, कारण अंडी खड्यांच्या रंगाची असतात. शिवाय गवत एकदा फाटले की पहिल्याच वळवात तिथे घळ पडते आणि पुढच्या वर्षी तिची वाट होते. म्हणून माझा आग्रह आहे की मळलेल्या चाकोरीबाहेर चाक जाऊ देऊ नये, आणि एखाद्या माळावरून नवा ट्रॅक आखून तो सर्वांना पाठवण्याआधी दहा वेळा विचार करावा. ग्रॅव्हल सायकलिंग इथे नवे आहे. आज आपण जी सवय लावू तीच रूढ होईल.

आपल्याला लांब आणि सोपी फेरी हवी असेल तर नीरा डावा कालवा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात खोदलेला हा कालवा वीरहून नीरा, निंबूत, सोमेश्वरनगर, माळेगाव असा बारामतीकडे जातो. जुन्या कालव्याच्या काठी मोठी झाडे असल्याने मार्चातही काही काळ सावली मिळते. नीरा स्थानक पुणे–मिरज मार्गावर आहे, बारामती दौंडच्या फाट्यावर; एका दिशेने जाऊन दुसरीकडून परतण्याची सोय होते. मात्र हा सगळा पट्टा उसाचा आहे, आणि गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन-दोन ट्रॉली जोडलेले ट्रॅक्टर अरुंद वाटेवरून येतात. चालकाला मागचे ऐकू येत नाही आणि ट्रॉली वळणावर आत ओढली जाते. ट्रॅक्टर दिसला की थांबून बाजूला उभे राहावे.

पश्चिमेचे जे मार्ग आपण पाठवले त्यांचा योग्य काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा. त्या बाजूला सर्वांत आधी आंदर मावळ घ्यावा: कान्हे स्थानकावर उतरून टाकवे, वडेश्वर, खांडी या बाजूने ठोकरवाडी धरणाच्या पाण्याकडेने जाता येते, वाहतूक कमी आहे आणि परतीची लोकल मिळते. पानशेत-वरसगावच्या जलाशयांमागच्या वाटा पुष्कळ ठिकाणी दगडगोट्यांच्या आहेत आणि ४० मिलिमीटरच्या टायरला त्या जड जातात. मुळशीच्या मागच्या भागात दरडी कोसळून वाटा बंद राहतात, आणि मदत पोहोचायला वेळ लागतो. उत्तरेकडे चाकणची अवजड वाहतूक ओलांडल्याशिवाय भामा आसखेड किंवा चासकमानच्या शांत वाटा लागत नाहीत. खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्यांचा वावर असल्याने पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीनंतर तिथे सायकल चालवूच नये. वाघोली, भावडी आणि मोशीच्या खाणी व क्रशरचा भाग, तसेच दिघी आणि देहूरोडच्या लष्करी हद्दीलगतच्या वाटा मार्गातून सरळ वगळाव्यात. शहरातील टेकड्यांवरच्या पायवाटा चालणाऱ्यांच्या आहेत. सरावासाठीसुद्धा त्यांचा विचार करू नये.

सायकलविषयी थोडक्यात. ४० मिलिमीटर ही माझ्या मते इथली किमान रुंदी आहे. फ्रेममध्ये ४५ बसत असेल तर पुढचा टायर बदलताना तोच घ्यावा. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर मागे ३६ आणि पुढे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पासून सुरुवात करावी आणि रिम दगडाला लागत नाही तोवर एक-एक पीएसआय कमी करत जावे. डांबरी रस्त्याची सवय असलेले लोक हवा फार भरतात, आणि मग मुरमावर हात बधिर होतात व चाक निसटते. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबऐवजी आत द्रावण भरलेला टायर, इथे जवळजवळ अनिवार्य आहे, कारण बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा, बोरीचा काटा आणि माळावरचा सराटा या तिघांपासून साधी ट्यूब टिकत नाही. एका बाजूला उभे राहिल्यावर टायरला दहा सराटे दिसले तर ते तिथेच उपटू नयेत. चाक फिरवून द्रावणाला काम करू द्यावे. आपल्या उन्हाळ्यात हे द्रावण लवकर वाळते, तेव्हा दर दोन-अडीच महिन्यांनी ते तपासून भरावे. सोबत बुजवणी (टायरच्या भोकात खुपसायच्या पट्ट्या), त्यांचे हत्यार आणि एक ट्यूब ठेवावी. खेड्यातील दुकानात २८ इंची काळ्या सायकलची ट्यूब मिळते आणि अडीअडचणीला ती आपल्या ७०० सी मापाच्या टायरमध्ये बसतेही, पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो आणि प्रेस्टा या बारीक व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या बारीक छिद्रातून तो जात नाही. म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. काळ्या चिखलात सापडलात तर ढकलू नका, सायकल उचला. चिखल टायर व फ्रेमच्या मध्ये भरून चाक अडते, आणि तरीही पायडल मारले तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) चाकाच्या तारांत ओढला जाऊन त्याचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, मोडतो. आपल्या फ्रेमचा एक सुटा हँगर पिशवीत असणे हे कोणत्याही महागड्या सुट्या भागापेक्षा अधिक मोलाचे आहे. चिखल पाण्याच्या दाबाने धुऊ नये. वाळू द्यावा, मग तो खपल्यांनी निघतो.

चालवण्याच्या तंत्रात मुख्य गोष्ट म्हणजे वाळलेल्या काळ्या मातीतील चाकोरी. पावसात ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी हिवाळ्यात विटेसारखी कडक होते, आणि तिच्यात गेलेले पुढचे चाक तिरपे काढायचा प्रयत्न केला की माणूस पडतो. एक तर मधल्या उंचवट्यावर राहावे किंवा चाकोरीत शिरल्यावर ती संपेपर्यंत सरळ जावे. फुफाट्यात हात सैल ठेवून पायडल चालू ठेवावे. ब्रेक लावला की पुढचे चाक रुतते. उतारावर ब्रेक वळणाआधी, वळणात नाही.

मार्च ते मे या काळात दौंड-बारामतीचे तापमान ४० अंशांपर्यंत जाते, तेव्हा उजाडताना निघून दहाच्या आत सावलीत यावे. माळावर पाणी मिळत नाही. तीन लिटर जवळ असावे, त्यांतील एका बाटलीत जलसंजीवनी. कालव्याचे पाणी पिऊ नये, वस्तीवर मागितले तर माठातले पाणी मिळते. मेंढरांचा कळप दिसला की लांबूनच उतरावे आणि सायकल स्वतःच्या व कुत्र्याच्या मध्ये धरून हळू चालावे. ती कुत्री लांडग्यापासून कळप राखायला शिकवलेली असतात, आणि मेंढपाळाने हाक दिली की थांबतात. उघडलेले फाटक आपल्यामागे लावावे, आणि पेरलेल्या शेताच्या बांधावरूनसुद्धा विचारल्याशिवाय जाऊ नये.

एकट्याने जावे का, हे आपण शेवटी विचारले होते. कालव्याच्या आणि पुरंदरच्या मार्गावर हिवाळ्यात दिवसा एकट्याने जाण्यास हरकत नाही, मात्र घरी मार्गाची फाइल आणि परतण्याची वेळ देऊन निघावे, आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण भुलेश्वरच्या डोंगराआड व मोरगाव-सुपे भागात नेटवर्क जाते. सुप्याच्या पुढे आणि पश्चिमेच्या कोणत्याही मार्गावर किमान तिघे असावेत: एकाला लागले तर एक जण त्याच्याजवळ थांबेल आणि एक मदत आणायला जाईल. नोव्हेंबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात लोणी काळभोर ते उरुळी कांचन ही फेरी करावी, परत आल्यावर टायरची हवा, हातांचा बधिरपणा आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा; त्या नोंदी पाहून पुरंदरची फेरी किती लांबवायची ते मी आपल्याला सांगू शकेन.